जप्त न होणारी विद्या

पाठांतराला सध्या दिवस चांगले नाहीत. आम्ही ३४ वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. त्यांतील आरंभीच्या वर्षांत रूपे चालवून घेणारा व श्लोक म्हणवून घेणारा मास्तर हा चांगला मास्तर समजला जाई. शेवटच्या वर्षांत नेमक्या त्याच कारणासाठी तो मागासलेला ठरू लागला. ‘अर्थ कळला म्हणजे झाले, तोंडपाठ कशाला हवे? लागेल तेव्हा पाहता येते,’ हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून ऐकले, तरुण शिक्षकांच्या तोंडून ऐकले आणि गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीच्या तोंडूनही ऐकले. पुस्तकात राहिलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन ही दोन्ही प्रसंग पडल्यावर कामी येत नाहीत, या अर्थाचे जुने सुभाषित आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, “काका, पण असा प्रसंग कुणावर येतो?”

प्रश्न सरळ होता आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर पुढे तिनेच घरात आणले, मात्र आपण काय आणले हे तिला ठाऊक नव्हते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून तिने एका रशियन बाईंच्या आठवणींचे दोन जाड भाग इंग्रजी भाषांतरात आणले होते. ते तिच्या मेजावर पडलेले पाहून आम्ही सहज चाळावयास घेतले. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून, रात्रीचे जेवण झाल्यावर रोज थोडेथोडे असे करीत महिनाभराने ते वाचून झाले. त्या वाचनातून जे हाती लागले ते आमच्या वाचकांपुढे, विशेषतः घरोघरच्या मुलीसुनांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

बाईंचे नाव येव्हगेनिया गिन्झबुर्ग. जन्म १९०४ सालचा, मॉस्कोचा. व्होल्गा नदीकाठच्या कझान शहरी त्या अध्यापिका होत्या व तेथील वृत्तपत्रातही काम करीत. यजमान पावेल अक्स्योनोव हे त्या शहरातील मोठे अधिकारी. दोन मुलगे, आल्योशा आणि वास्या. नवराबायको दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे निष्ठावंत सभासद. थोडक्यात म्हणजे शिकलेले, मानाचे, राज्यकर्त्या पक्षातले घर.

रशियात १९१७ साली झारशाही जाऊन बोल्शेव्हिकांचे राज्य आले आणि पुढील दहा-बारा वर्षांत ती सारी सत्ता स्टालिन या एका पुरुषाच्या मुठीत गेली. १९३४ च्या डिसेंबरात लेनिनग्राड येथे किरोव नामक पुढाऱ्याचा खून झाला. त्या निमित्ताने धरपकडीचे जे सत्र आरंभले ते १९३७ व १९३८ या दोन वर्षांत शिगेस पोहोचले. या दोनच वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांस देहान्त शासन झाले, असे त्या सरकारच्याच दप्तरांवरून दिसते. आणि १९३० पासून १९५३ साली स्टालिन मरेपर्यंत श्रमछावण्यांतून गेलेल्यांची संख्या अभ्यासक १ कोटी ८० लाखांच्या घरात धरतात. गिन्झबुर्गबाईंचा अपराध एवढाच, की त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांस अटक झाली होती आणि त्या गृहस्थांची चहाडी बाईंनी आधीच केली नव्हती.

येथे त्यांच्या सासूबाईंची हकिकत सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. ही म्हातारी खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, अक्षरशून्य. सूनबाईंच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागलेला पाहून ती एके दिवशी त्यांस म्हणाली, की हा फास आवळत चालला आहे. तू येथून निघ. गावाकडचे आपले घर बंद पडून आहे, बाग आहे. तेथे जाऊन राहा, नजरेआड हो. सूनबाईंस हसू आले. पक्षापासून पळून जावयाचे? आपण निर्दोष असताना? पक्षासमोर उभे राहून सत्य सिद्ध केले पाहिजे, असे त्यांचे उत्तर. मुलगाही आईस हसला. १९३७ च्या १५ फेब्रुवारीस बाईंना धरून नेले. त्याच वर्षी यजमानांनाही अटक झाली. मोठे झालेले साम्राज्य कोणत्या दिशेने चालले आहे हे विद्यापीठात शिकविणारीस दिसले नाही आणि जिला सहीसुद्धा करता येत नव्हती तिला दिसले. बाईंनी हे सर्व स्वतःच लिहून ठेवले आहे, काही न लपविता.

ही म्हातारी वाचताना आम्हांस आमच्या मातोश्री आठवल्या. आमचे वडील ओसरीवर पाच-सहा मुलांस अमरकोश आणि रूपावली शिकवीत. मातोश्री आत चुलीपाशी. त्यांना कोणी शिकविले नाही. पण भाकरी थापता थापता ऐकून त्यांचा अर्धाअधिक अमरकोश पाठ झाला होता. त्या काही शब्दांचे उच्चार चुकीचे करीत आणि आम्ही, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, त्यांस हसत असू. वडीलही हसत. त्यांचा उच्चार सुधारून द्यावा असे आम्हां दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. वेदाधिकार नाही म्हणून ज्यांस दाराबाहेर ठेविले, त्यांनी दाराबाहेर उभे राहूनच काय काय साठविले याचा हिशेब आपल्या घरांतून कोणी ठेवला नाही. असो.

कझानच्या तुरुंगात चौकशी सुरू झाली ती झोप न देण्याची. अधिकारी पाळीपाळीने बदलत. कैदी मात्र तोच. दिवसामागून दिवस तिला बसवून ठेवावयाचे आणि कागदावर सही करावयास सांगावयाचे. बाईंनी सही केली नाही आणि दुसऱ्या कोणाचेही नाव सांगितले नाही. यात आपले शौर्य मोठे नव्हे, असे त्या म्हणतात. आपली चौकशी आटोपल्यानंतर थोड्याच दिवसांत प्रत्यक्ष मारहाणीची मोकळीक मिळाली, तत्पूर्वी आपण सुटलो, हे दैव. आम्हांस हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला. तुरुंगातून वाचून आलेली माणसे बहुधा दोन प्रकारची असतात: वाचलो हे आपल्या गुणांमुळे, असे मानणारी, आणि वाचलो हे कसे ते आपणांसच कळत नाही, असे म्हणणारी. गिन्झबुर्गबाई दुसऱ्या प्रकारच्या.

कोठडीच्या भिंतीवर पलीकडून कोणीतरी नियमाने टकटक करी. त्यात काही संदेश आहे हे कळे, पण उलगडा होईना. एके दिवशी बाईंना एकाएकी एका जुन्या पुस्तकाचे पान आठवले. वेरा फिग्नेर ही झारच्या काळातील क्रांतिकारक स्त्री. १८८४ पासून १९०४ पर्यंत २० वर्षे श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कोंडलेली. तिने आपल्या आठवणींत भिंतीवरून बोलण्याची रीत दिली आहे. वर्णमालेच्या ओळी पाडावयाच्या. आधी ओळीच्या क्रमांकाइतके ठोके, मग त्या ओळीतील अक्षराच्या क्रमांकाइतके. पान डोळ्यांपुढे उभे राहिले आणि भिंत बोलू लागली. आमच्या वाचकांस यातील मौज विशेष कळावी. आपल्या वर्णमालेत तर पाणिनीच्याही आधीपासून ही मांडणी तयारच आहे: पाच वर्ग, प्रत्येकात पाच वर्ण. ‘म’ म्हणावयाचे तर पाच ठोके आणि पुन्हा पाच. झारच्या तुरुंगातील एका बाईने लिहिलेले, स्टालिनच्या तुरुंगातील दुसरीस पुढे उपयोगी पडले. आणि ते पुस्तक हाताशी होते म्हणून नव्हे, तर डोक्यात होते म्हणून.

याच भिंतीवरून झालेला आणखी एक व्यवहार सांगतो. कोठडीत एक प्रौढ बाई आली, समाजवादी क्रांतिकारक पक्षाची. हा पक्ष बोल्शेव्हिकांनी केव्हाच चिरडून टाकला होता आणि त्याची माणसे वर्षानुवर्षे तुरुंग पाहत होती. या बाईला धूम्रपानाची सवय. जवळच्या सिगारेटी संपलेल्या. गिन्झबुर्गबाईंस घरून सिगारेटी आल्या, त्या त्यांनी पुढे केल्या. तिने लगेच हात लावला नाही. पलीकडच्या कोठडीत तिच्या पक्षाची पुढारी होती. तिला तिने ठोक्यांनी विचारले, की एक कम्युनिस्ट बाई सिगारेट देत आहे, घेऊ का? ही पक्षातील विरोधी गटाची आहे काय, असा उलट प्रश्न आला. नाही, असे कळताच निर्णय मिळाला: घेऊ नये. सिगारेटींचे पाकीट रात्रभर दोघींच्या मध्ये पडून राहिले आणि ती बाई उसासे टाकीत पडून राहिली. आपल्याकडील सोवळ्याओवळ्याच्या कथा आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत, पण इतके कडक सोवळे आमच्या आजीचेही नव्हते. हसू येते खरे. पण जिच्यापाशी नकार देण्याखेरीज दुसरे काहीच उरले नाही, तिने तो नकार जपून वापरावा, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

१ ऑगस्ट १९३७ रोजी मॉस्कोत खटला झाला. तो ७ मिनिटे चालला. मृत्युदंडाची अपेक्षा होती. दहा वर्षे एकांतवासाची शिक्षा ऐकून बाईंना आनंद झाला. त्यानंतरची दोन वर्षे यारोस्लाव्लच्या तुरुंगात गेली. खिडकीस बाहेरून फळ्या ठोकलेल्या, मोठ्याने बोलावयास बंदी. नशिबाने तुरुंगात दाटी इतकी झाली होती की एकांतवासाच्या कोठडीत दुसरी एक कैदी घालावी लागली. म्हणजे एकांतवास दोघींचा झाला. मातृभाषेतील कवी पाठ म्हणणे आणि स्वतःच्या कविता मनातल्या मनात रचून कायम करणे, हा दिवसाचा उद्योग. कवितांसाठी स्मरण हीच वही होती. इतर उद्योगही बायकाच करू जाणोत असे. त्या तुरुंगांतून सुई ठेवू देत नसत; तेव्हा सारातून आलेल्या माशाचा काटा सुईसारखा वापरावयाचा, फाटक्या कपड्यातूनच दोरा उसवून घ्यावयाचा आणि अंगावरचे लुगडे म्हणा, झगा म्हणा, नीट शिवून घालावयाचा. कोणी पाहणारे नसताना. पाहणारे नसतानाही नीट राहणे, हे आपल्या घरच्या बायकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३९ च्या उन्हाळ्यात या एकांतवासाच्या कैद्यांस श्रमछावण्यांकडे पाठविण्याचे ठरले. यारोस्लाव्लहून व्लादिवोस्तोकपर्यंत, म्हणजे सबंध आशिया खंड ओलांडून, मालगाडीचा प्रवास. सातव्या क्रमांकाच्या डब्यात ७६ बायका. डब्यांवर बाहेरून लिहिलेले: ‘विशेष सामग्री’. दिवसाला एक पेला पाणी; तेच पिण्यास, तेच धुण्यास. गाडी स्थानकात उभी राहिली की आत चकार शब्द निघता कामा नये, कारण सामग्री बोलत नसते. गाडी सुटली की मात्र दोन वर्षे गप्प राहिलेल्या त्या बायका घसा बसेपर्यंत बोलत. आणि बोलणे सरले की गिन्झबुर्गबाईंस म्हणत, म्हणा काही.

त्यांनी नेक्रासोवचे ‘रशियन स्त्रिया’ हे काव्य म्हटले. १८२५ सालच्या फसलेल्या उठावानंतर सैबेरियात धाडलेल्या सरदारांच्या मागोमाग आपण होऊन गेलेल्या त्यांच्या पत्नींचे हे काव्य. त्याच वाटेने चाललेल्या या ७६ जणींनी ते कसे ऐकले असेल! मग पुश्किनची ‘येव्हगेनी ओनेगिन’ ही पद्यात रचिलेली कादंबरी. बाहेरच्या पहारेकऱ्यांच्या कानी ते गेले. त्यांचा नायक आत शिरला आणि गरजला, की तुम्हांपाशी पुस्तक आहे, ते काढा! झडती झाली. पुस्तक मिळेना. बायका सांगतात, की पुस्तक नाही, ही बाई तोंडपाठ म्हणते. त्याचा विश्वास बसेना. शेवटी त्याने अट घातली: अर्धा तास न थांबता म्हणून दाखीव, थांबलीस तर सबंध डब्याला शिक्षा.

आम्ही ३४ वर्षांत शेकडो मुलांचे पाठांतर घेतले. अडखळणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती आम्ही पाहिली आहे, आणि खरे सांगावयाचे तर काही वेळा ती भीती आम्हीच निर्माण केली होती. परंतु परीक्षकाच्या हाती बंदूक आहे, सोबतच्या ७५ जणींचे पाणी पणास लागले आहे आणि परीक्षार्थी बाई तहानेने कोरडी पडली आहे, अशी परीक्षा आमच्या कल्पनेतही नव्हती. बाई म्हणत गेल्या. परीक्षकाचा चेहरा आधी धमकीचा होता, मग चकित झाला, मग माणसाचा झाला. जे पुस्तक शोधावयास तो आला होता ते त्याच्या डोळ्यांसमोर उघडलेले होते आणि ते त्यास जप्त करता येत नव्हते.

ही एकटीचीच गोष्ट असती तर आम्ही तिला विलक्षण बुद्धीचा चमत्कार म्हणून सोडून दिले असते. परंतु पुढे चौकशी करता असे दिसून आले, की त्या देशात त्या काळी स्त्रियांनी पाठांतराची एक अदृश्य शाळाच चालविली होती. आन्ना अख्मातोवा या थोर कवयित्री. त्यांचा मुलगा १९३८ साली पकडला गेला. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर शेकडो आयाबायकांच्या रांगेत त्या १७ महिने उभ्या राहिल्या. त्यावर त्यांनी रचलेले काव्य कागदावर ठेवणे म्हणजे मुलाचा व आपला जीव धोक्यात घालणे. म्हणून त्या चिठोऱ्यावर कडवे लिहीत, भेटीस आलेल्या मैत्रिणीच्या हाती देत, ती वाचून पाठ करी आणि चिठोरे रक्षापात्रात जाळून टाकीत. भिंतींस कान असल्यामुळे तोंडाने हवापाण्याच्या गप्पा. असे ते काव्य काही मोजक्या माणसांच्या डोक्यात वीस वर्षांवर सांभाळले गेले. प्रथम छापले गेले ते १९६३ साली, तेही जर्मनीत. ओसिप मांडेलश्टाम हा कवी १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याच्या पत्नी नादेझ्दाबाई यांनी त्याच्या कविता पाठ केल्या आणि गावोगाव नोकऱ्या बदलीत, रात्री मनात घोकीत, वर्षानुवर्षे जिवंत ठेवल्या. वेदाची संहिता अक्षर न बदलता टिकावी म्हणून आपल्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजिले; त्यामागे गुरुकुले होती, राजाश्रय होता, समाजाचा आदर होता. या बायकांपाशी यांपैकी काहीही नव्हते.

आणि हे स्टालिनबरोबर संपले असेही नाही. इरिना रातुशिन्स्काया ही ओडेसाची मुलगी, पदार्थविज्ञान शिकलेली. कविता लिहिल्याबद्दल १९८३ च्या मार्चमध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तिला ७ वर्षे श्रमछावणी आणि त्यावर ५ वर्षे हद्दपारी झाली. मोर्दोव्हियातील बाराशेवो येथे राजकीय कैदी स्त्रियांची एक लहानशी वेगळी आवारबंद छावणी होती. तेथे त्या मोजक्या बायका कामगारांचे हातमोजे शिवीत, आणि कैद्याची नावाची पट्टी छातीवर लावण्यास नकार देत. त्यासाठी थंडगार शिक्षाकोठडीत जात. तेथे इरिना साबणाच्या वडीवर आगकाडीच्या टोकाने कविता कोरी. पाठ झाली की हात धुवावयाचे. कविता पाण्याबरोबर वाहून जाई आणि वडी दुसऱ्या कवितेस मोकळी होई. १९८६ च्या ९ ऑक्टोबरास तिला सोडले, तेव्हा अशा सुमारे २५० कविता तिने बाहेर आणल्या होत्या. अंदमानच्या कोठडीत सावरकरांनी भिंतीवर काट्याने व खिळ्याने कविता लिहून पाठ केल्या, हे आपण मुलांस सांगतो. त्याच सांगण्यात या साबणाच्या वडीसही जागा असावी.

परंतु आम्ही पाठांतराचे स्तोत्र गाऊ लागलो, तर गिन्झबुर्गबाईच आमचा हात धरतील. त्यांच्याबरोबर कविता येणाऱ्या कितीतरी बायका त्या वाटेवर मेल्या. आणि १९३७ पूर्वी पक्षाची वाक्येही त्यांना तोंडपाठच होती. सासूबाईंचा सल्ला ऐकू येऊ नये, इतक्या मोठ्याने ती वाक्ये त्यांच्या डोक्यात वाजत होती. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या वाट्याचा दोष स्वच्छ मांडला आहे: इतरांवर संकट आले तेव्हा आपण हात वर केला किंवा गप्प राहिलो. तेव्हा काय पाठ आहे, हा प्रश्न उरतोच. आम्हांस स्वतःस त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. एवढे मात्र दिसते, की घोषवाक्ये त्यांस पहिल्याच वर्षी सोडून गेली आणि पुश्किन गेला नाही.

व्लादिवोस्तोकहून ‘झुर्मा’ नामक जहाजाने त्यांस मगदान बंदरी नेले. त्या जहाजाच्या तळाशी अट्टल गुन्हेगार बायकांच्या गर्दीत राजकीय कैद्यांचे जे हाल झाले ते येथे लिहीत नाही. मगदान हे कोलिमा प्रांताचे दार. सोन्याच्या खाणी, हिवाळ्यात शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरणारा पारा. एल्गेनच्या छावणीत त्यांना झाडे तोडावयास लाविले. जिने जन्मात कुऱ्हाड धरली नाही तिने दिवसाचा ठराविक घनफळाचा लाकूडफाटा पाडावयाचा. तो भरला तर भाकरी पुरी, नाही तर कमी. आणि कमी भाकरीवर दुसऱ्या दिवशी आणखी कमी काम होणार. या गणिताचे उत्तर मृत्यू, हे कोणासही कळावे. एका वसंतात, बर्फ वितळू लागले असता, बुंध्याजवळ मागल्या सालच्या रानबोरांसारख्या लाल फळांची एक डहाळी त्यांस दिसली. त्यांनी सोबतिणीस हाक मारली आणि दोघींनी ती खाल्ली. उपाशी माणसाने हाक मारली, हे लक्षात घ्यावे.

पुढे एका डॉक्टरांच्या दयेने त्यांना परिचारिकेचे काम मिळाले, ते छावणीतील बालगृहात. कैदी बायकांस तेथे झालेली ही मुले. चार वर्षांच्या मुलांसही धड बोलता येत नव्हते. काही तुटक शब्द, रडणे, मारामारी. त्यांच्याशी कोणी बोललेच नव्हते. अंगाईगीत नाही, गोष्ट नाही, बडबडगाणे नाही. आमच्या वाचक भगिनींनी क्षणभर आपल्या घरातील चार वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणावे. स्मरणशक्तीचा खजिना म्हणून आम्ही जो वर वर्णिला, तो कोणीतरी आधी भरावा लागतो. तो भरणारे माणूसच काढून घेतले तर काय उरते, हे त्या बालगृहात दिसत होते.

१९४७ साली त्या सुटल्या, पण मगदान सोडण्याजोगी स्थिती नव्हती. थोरला आल्योशा महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात मेला होता. छावणीत भेटलेले वैद्य आंतोन वाल्टेर, हेही कैदीच, यांच्याबरोबर त्यांनी पुढे संसार मांडिला. आणि १९४८ च्या ऑक्टोबरात धाकटा वास्या त्यांच्याकडे आला. आईला नेले तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता. आता सोळा वर्षांचा उंच मुलगा. मधल्या काळात तो आधी सरकारी बालगृहात, मग नातलगांकडे वाढला. आई आणि मुलगा एकमेकांस अनोळखी. काय बोलावयाचे? पहिल्याच रात्री तो कविता म्हणू लागला. ज्या कविता धरून आई अकरा वर्षे तगली होती, नेमक्या त्याच त्याला कोणी न सांगता पाठ होत्या. तो एक चरण म्हणे, ती पुढचा. रात्र अशी गेली. हाच वास्या पुढे वासिली अक्स्योनोव या नावाने रशियाचा नामांकित कादंबरीकार झाला.

वर्षभरातच त्यांस पुन्हा अटक झाली, पुढे १९५५ मध्ये ‘निर्दोष’ म्हणून कागद मिळाला. पहिल्या दिवसापासून त्या सर्व काही ध्यानात ठेवीत आल्या होत्या. मग ते लिहिले. त्यांच्या देशात ते छापावयास कोणी धजेना. टंकलिखित प्रती हातोहात फिरल्या. १९६७ साली पहिला भाग इटलीत छापला गेला. बाई १९७७ मध्ये मॉस्कोत वारल्या. मायदेशी ते पुस्तक निघाले ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी.

मगदानची ती रात्र वाचली आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. मातोश्री पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत. काही परंपरेच्या, काही स्वतः केलेल्या. स्वतःच्या ओव्यांत त्या आम्हां भावंडांची एकेकाची नावे गुंफीत. आमच्याही नावाची एक होती. ती आठवावयास बसलो तो चाल आठवली, जात्याची घरघर आठवली. शब्द एकही आठवेना. अमरकोशाची तिन्ही कांडे आम्हांस आजही येतात. मातोश्री गेल्यास एकोणीस वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीस दूरध्वनी केला. तिला दोन ओळी येत होत्या. त्या आमच्या नावाच्या नव्हत्या, तिच्या नावाच्या होत्या. पुतणी जवळच होती. ती वही-पेन घेऊन आली. आम्ही तिला थांबावयास सांगितले आणि बहिणीकडून त्या दोन ओळी तीन वेळा म्हणवून घेतल्या.